बंद घरातली यंत्रे आणि खारा वारा

कोकणातील कितीतरी घरे वर्षातील बराच काळ कुलूपबंद असतात. घरची माणसे मुंबई-पुण्याला नोकरीधंद्यात असतात. ती मे महिन्यात, गणपतीला आणि शिमग्याला गावी येतात. रायगडच्या किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, सावित्री नदीच्या मुखाजवळ वसलेल्या हरिहरेश्वरचे उदाहरण घेऊ. मे महिन्यात तेथील एका घरातला दूरचित्रवाणी संच उत्तम चालत होता. भाद्रपदात कुलूप उघडून बटण दाबले, तर पडदा काळाच! इन्व्हर्टर मुका, टॉर्चमधले सेल फुटून हिरवट झालेले. मग प्रश्न येतो, "वापरलेच नाही, तर बिघडले कसे?"

विद्यार्थिमित्रहो, खरी गोष्ट नेमकी उलट आहे. पुष्कळदा वापरले नाही म्हणूनच ते बिघडते. कसे ते पाहू.

मिठाच्या बरणीतले विज्ञान

हरिहरेश्वरला लाटा खडकांवर आदळून फुटतात. फेसातला प्रत्येक बुडबुडा फुटताना खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. वारा ते घराकडे आणतो. पाणी उडून जाते आणि मिठाचे अदृश्य कण कौलांच्या व खिडक्यांच्या फटींतून आत शिरून वस्तूंवर बसतात.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे तुम्ही स्वयंपाकघरात पाहिलेच असेल. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतले बाष्प शोषून स्वतःच त्यात विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात. ते याहून कमी आर्द्रतेतही ओलावतात. कोकणात पावसाळ्यातील आर्द्रता दिवसचे दिवस ८५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे बंद घरातल्या प्रत्येक वस्तूवर जणू खाऱ्या पाण्याचा पातळ थर!

समुद्राचे पाणी शुद्ध पाण्यापेक्षा सुमारे दहा लाख पट अधिक विद्युत्‌वाहक असते. यंत्रातील सर्किट बोर्डावर तांब्याच्या चिमुकल्या पट्ट्या असतात व दोन पट्ट्यांमधले अंतर अनेकदा एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. त्यांच्यावर खारा थर असताना प्लग लावलेला राहिला, तर तेथे विद्युत अपघटन सुरू होते. धन पट्टीवरचे तांबे विरघळते आणि ऋण पट्टीवर झाडाच्या फांद्यांसारखे वाढू लागते. ती फांदी समोरच्या पट्टीला टेकली की शॉर्ट सर्किट. प्लग काढलेला असला तरी जेथे दोन भिन्न धातू जोडलेले असतात तेथे आपोआप एक छोटा विद्युत घट तयार होतो, आणि त्यातला एक धातू गंजत जातो.

मग रोज वापरातला संच का टिकतो? तो चालताना तापतो! २८ अंश सेल्सिअसची, ९० टक्के आर्द्रतेची हवा नुसती ३३ अंशांपर्यंत तापवली, तर बाष्प तेवढेच राहूनही सापेक्ष आर्द्रता सुमारे ६९ टक्क्यांवर उतरते. पाच अंशांची ऊब, आणि मीठ ७५च्या रेषेखाली कोरडेच राहते. बंद घरातील यंत्राला ही ऊब मिळत नाही. म्हणून कपाटात दिवा जळत ठेवून जावे काय? मुळीच नको. माणूस नसलेल्या घरात जळता दिवा म्हणजे आगीला आमंत्रण. शिवाय वीज गेली की उपाय संपलाच.

खोली नव्हे, डबा कोरडा करा

पुष्कळजण सिलिका जेलची एक पुडी टीव्हीमागे ठेवून निश्चिंत होतात. थोडे गणित करू. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा मावते. ३० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३०.४ ग्रॅम बाष्प राहते. आर्द्रता ८५ टक्के असेल, तर त्या खोलीत सुमारे ९३० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी बाष्परूपाने तरंगत आहे. आर्द्रता ५० टक्क्यांवर आणायला त्यातले सुमारे ३८० ग्रॅम काढावे लागेल. सिलिका जेल आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके पाणी शोषते असे धरले, तर जवळजवळ दोन किलो जेल लागेल. आणि काही तासांत फटींतून नवी दमट हवा हजर!

आता २० लिटरचा घट्ट झाकणाचा डबा घ्या. त्यात बाष्प किती? जेमतेम अर्धा ग्रॅम. ५० ग्रॅम जेल दहा ग्रॅम पाणी शोषील. म्हणजे आत झिरपणाऱ्या ओलाव्यासाठीही भरपूर शिल्लक.

आगोटीच्या बेगमीत आपल्या आज्या हेच करीत. पापड, कुरडया मेच्या उन्हात कडकडीत वाळवून घट्ट डब्यात भरत. रेडिओ, चार्जर, राउटर यांनाही तोच न्याय लावावा. डब्यात न मावणारा संच मेमधल्या कोरड्या दुपारी तासभर चालवावा, प्लग काढून निवू द्यावा आणि जेलसह जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करावा. दमट दिवशी मात्र हे करू नये. ओलावा आतच कोंडला जाईल. टॉर्च-रिमोटमधले सेल काढावेत. रेफ्रिजरेटर पुसून त्याचे दार किंचित उघडे ठेवावे.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचे मात्र वेगळे. शिसे-आम्ल बॅटरी न वापरताही हळूहळू उतरते, आणि उतरलेली राहिली की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. शेजाऱ्यांना विनंती करून ती दोन-तीन महिन्यांनी पूर्ण चार्ज करून घ्यावी.

तारेतून येणारे संकट

पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीस विजा कडाडतात. जवळ वीज पडली की तारांमध्ये क्षणभर प्रचंड दाब निर्माण होतो. तो स्विचमधली इवलीशी फट ओलांडू शकतो. म्हणून प्लगच काढावा, अँटेनाची तारही सोडवावी. वादळात न्यूट्रल तार तुटली तर आणखी एक धोका असतो. घरात २३० व्होल्टऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन परिसरात विजेचे खांब आडवे झाले आणि गावे अनेक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी चालू स्थितीतला टॉर्च आणि बातम्या देणारा रेडिओ ही चैन नसते.

घर उघडताना

३० अंशांच्या, ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २७ अंश असतो. जाड चिऱ्यांच्या भिंतींच्या थंड घरातल्या ज्या वस्तूचे तापमान याहून कमी, तिच्यावर दारे उघडताच दव धरणार. म्हणून यंत्र लगेच सुरू करू नये. काही तास जाऊ द्यावेत. खाऱ्या थरातून वीज यंत्राच्या धातूच्या आवरणात उतरू शकते, तेव्हा आधी अर्थिंग नीट आहे ना हे पाहून घ्यावे आणि गळती-प्रवाह तोडणाऱ्या स्विचचे 'टेस्ट' बटण दाबून पाहावे. यंत्र दुरुस्त होते. माणसाचा जीव परत येत नाही.

करून पाहा

टिपकागदाच्या दोन पट्ट्या घ्या. एक साध्या पाण्यात, दुसरी मिठाच्या पाण्यात भिजवून दोन्ही उन्हात वाळवा. मल्टिमीटरने दोहोंचा रोध मोजा. मग ओले फडके ठेवलेल्या बंद डब्यात, फडक्याला न टेकवता, त्या रात्रभर टांगून ठेवा व सकाळी पुन्हा मोजा. कोणत्या पट्टीचा रोध अधिक घसरला? किती पटींनी? तिसरी पट्टी अशाच दुसऱ्या डब्यात सिलिका जेलजवळ, पण ओल्या फडक्याशिवाय, ठेवली तर काय होईल, याचा अंदाज आधी वहीत लिहा आणि मगच झाकण उघडा!