हाताला येणाऱ्या मुंग्या व बधिरपणा

हात उशाखालीं घेऊन निजल्यास त्यास मुंग्या येतात व हात झटकतांच त्या जातात. त्यांची चिंता करण्याचें कारण नाहीं. परंतु तशाच मुंग्या आठवड्यामागून आठवडे येऊं लागल्या, अथवा हाताचा एखादा भाग बधिर राहूं लागला, तर वात म्हणून तेल चोळण्यावर भागवूं नये. कोणतीं बोटें बधिर होतात हें रोग्यानें नीट पाहून ठेवावें. दोष कोठें आहे याचा बराच उलगडा तेवढ्यानेंच होतो.

मनगटाच्या तळव्याकडील अंगास हाडें व एक चिवट पट्टा यांच्यामधून अरुंद वाट आहे. तींतून बोटें मिटविणाऱ्या नऊ दोऱ्या व एक ज्ञानतंतु जातो. विळा, खुरपें किंवा फावडें दिवसभर आवळून धरणें, अनेक जनावरांच्या धारा काढणें, हादरे देणारीं यंत्रें चालविणें, यांनीं तेथें सूज येऊन तो तंतु दाबला जातो. मग अंगठा, तर्जनी, मधलें बोट व अनामिकेची अर्धी बाजू यांस मुंग्या येतात. करंगळी मात्र मोकळी असते. रोगी रात्रीं जागा होतो व हात झटकल्यावर त्यास बरें वाटतें, ही याची मोठी खूण होय. हा विकार स्त्रियांस, विशेषतः गरोदरपणीं, अधिक होतो. रात्रीं मनगट सरळ राहील अशी पट्टी बांधल्यानें पुष्कळांस आराम पडतो. दुर्लक्ष केल्यास अंगठ्याच्या मुळाशीं असलेला मांसल उंचवटा झिजतो व सदऱ्याची गुंडीही लावतां येत नाहीं. अशा वेळीं तो पट्टा कापण्याची लहानशी शस्त्रक्रिया करावी लागते.

करंगळी व तिच्या शेजारची अर्धी अनामिका बधिर होत असेल, तर दोष बहुधा कोपराशीं असतो. मेजावर कोपर टेकून लिहिणाऱ्या आमच्या कारकून मंडळींस ही पीडा परिचित आहे. परंतु शेतकऱ्यानें येथें आणखी एका गोष्टीची शंका घ्यावी. जुने लोक ज्यास महारोग म्हणत, तो कुष्ठरोग याच तंतूस वारंवार धरतो. कोपरामागें तो जाड दोरीसारखा हातास लागतो. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल, तर डोळे मिटून त्यावर कापसाच्या वातीनें स्पर्श करवावा. स्पर्श कळत नसेल, किंवा तापलेलें भांडें उचलून बोट भाजलें तरी समजत नसेल, तर एक दिवसही दवडूं नये. या रोगाचे जंतु हान्सेन यांनीं १८७३ सालीं नॉर्वेंत शोधले. रोग पूर्वजन्मींच्या पापानें होतो ही समजूत तरीही पुष्कळ घरांत टिकून आहे, आणि तीपायीं चट्टे लपविले जातात, हें आम्हांस रोगाहून वाईट वाटतें. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेनें सुचविलेलें बहुविध औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें. तें रोगाच्या प्रकाराप्रमाणें सहा महिने किंवा एक वर्ष घ्यावें लागतें. बधिरता नवी असतांना उपचार झाल्यास तंतु वांचण्याचा संभव असतो. जुनी झाल्यावर गेलेली संवेदना बहुधा परतत नाहीं.

मान वळवितांच कळ खांद्यापासून बोटांपर्यंत उतरत असेल, तर मानेचे मणके तपासवावे. आधीं दोन्ही पायांस व मागून दोन्ही हातांस बधिरता आली असेल, तर रक्तांतील साखर पाहावी. मांसाहार न करणाऱ्या व दूधही क्वचित् घेणाऱ्या मनुष्यांत ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेनेंही असें होतें. अति मद्यपानही तंतु नासवितें.

मात्र एका बाजूचा हात एकाएकीं बधिर किंवा लुळा पडला, तोंड वांकडें झालें, बोलणें अडखळूं लागलें, तर तो अर्धांगवायु समजावा. मेंदूंतील रक्ताची गुठळी विरघळविणारें औषध साडेचार तासांच्या आंतच देतां येतें. म्हणून तेल चोळीत न बसतां, मेंदूचें यंत्रचित्र जेथें निघतें अशा मोठ्या रुग्णालयाकडे तत्काळ वाहन काढावें. हात बधिर होऊन छातींत कळ व घाम येत असेल, तरीही हेंच करावें.