तळ्याकाठचे ‘डास’ चावत का नाहीत? लाल अळीचा कीटक ओळखायचा कसा?

संध्याकाळी तलावाकाठी डोक्यावर घोंघावणारा थवा, सकाळी दिव्याखाली पडलेला मेलेल्या चिलटांचा खच आणि टाकी धुताना गाळात वळवळणारी लालभडक अळी. या तिन्हींमागे बऱ्याचदा एकच कीटक असतो, कायरोनोमस. दिसायला हुबेहूब डास, पण चावत नाही. सिद्धेश्वर तलाव, संभाजी तलाव आणि हिप्परग्याचा एकरुख तलाव जवळ असलेल्या सोलापूरकरांनी हा फरक समजून घ्यायला हवा. कारण याला डास समजून घाबरणारे अनेकदा खऱ्या डासाकडे दुर्लक्ष करतात.

चावत का नाही?
रक्त शोषण्यासाठी डासाला लांब सोंड असते. कायरोनोमसला ती नसते. प्रौढ कीटक जेमतेम काही दिवस जगतो. त्या काळात जोडीदार शोधणे आणि अंडी घालणे एवढेच त्याचे काम. संध्याकाळचा थवा हा मुख्यतः नरांचा असतो, माद्या त्यात शिरून जोडीदार निवडतात. डेंग्यू, मलेरिया किंवा चिकुनगुनिया हा कीटक पसरवत नाही. मात्र मोठ्या संख्येने मेलेल्या चिलटांच्या भुकटीमुळे काहींना ॲलर्जी किंवा दम्याचा त्रास होऊ शकतो.

ओळखायचा कसा?
• बसण्याची ढब : हा पुढचे दोन पाय उचलून बसतो, तर डासाचे मागचे पाय वर असतात.
• पंख : याचे पंख पोटापेक्षा आखूड आणि खवल्यांविना असतात. डासाच्या पंखांवर बारीक खवले असतात.
• मिशा : नराच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार असतात. डासाच्या नरालाही तशा असतात, त्यामुळे सोंडही पाहावी.
• अळी : डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी लटकते. ही लाल अळी तळाच्या गाळात नळी करून राहते.

नेमकी प्रजाती ओळखायला मात्र सूक्ष्मदर्शक लागतो. अळीच्या जबड्याजवळचे दाते, नराच्या शेपटाकडील अवयव आणि डीएनए यांवरून ती ठरवतात. या अळीच्या लाळग्रंथीतील गुणसूत्रे इतकी मोठी असतात, की फ्रेंच शास्त्रज्ञ बाल्बियानी यांनी १८८१ मध्येच त्यांवरील पट्टे टिपले होते.

अळी लाल का?
तिच्या शरीरात हिमोग्लोबिन असते. माणसाच्या रक्तालाही लाल रंग देणारे हेच प्रथिन. त्यामुळे प्राणवायू फारच कमी असलेल्या गाळातही ती तग धरते. मादी शेकडो अंडी चिकट जेलीच्या पुंजक्यात घालते. पुढे अळी चार वेळा वाढीचे टप्पे पार करते, मग कोष आणि शेवटी चिलट. उष्ण हवेत हे चक्र काही आठवड्यांत पूर्ण होते.

पाण्याबद्दल काय सांगते?
इतर जलचर कमी होऊन फक्त लाल अळ्याच वाढल्या, तर त्या पाण्यात सेंद्रिय घाण जास्त आणि प्राणवायू कमी असल्याचा तो इशारा असतो. सोलापूरला पाणी देणाऱ्या उजनीत पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांतून येते, म्हणून तिथे हा इशारा महत्त्वाचा. तरीही अळी हा शत्रू नाही. ती गाळातील कुजके खाते आणि स्वतः मासे व पाणपक्ष्यांचे खाद्य बनते. उजनीवर येणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या आहारातही अशा अळ्या असतात. धूर फवारून उडणारी चिलटे मरतील, पण गाळातील अळ्या तशाच राहतील. खरा उपाय सांडपाणी रोखणे हाच.

घरात काय करावे?
नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येत असल्याने सोलापुरात साठवण टळत नाही. टाकीत लाल अळी दिसली तर तळाशी गाळ साचला आहे असे समजावे. टाकी रिकामी करून घासावी, झाकण घट्ट लावावे, पिण्याचे पाणी गाळून उकळावे.

डेंग्यूचा एडिस डास मात्र तलावात नव्हे, तर घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून पिंप, हौद, कूलर आठवड्यातून एकदा कोरडे करावेत. तळ्याकाठचा थवा त्रासदायक असला, तरी आजाराचा धोका झाकण नसलेल्या पिंपातच जास्त आहे.