घरगुती चित्रफितींचे ध्वनिशोधन आणि मौखिक पाठ

घरगुती चित्रफितीवरील कीर्तन किंवा ओव्या तौलनिक अभ्यासात पाठ म्हणून स्वीकारावयाच्या, तर अंकीकरणानंतरचे त्यांचे ध्वनिशोधन हा पाठसंपादनाचाच भाग ठरतो. साध्या व्हीएचएस फितीत ध्वनी फितीच्या काठावरील अरुंद पट्ट्यात मुद्रित होतो. पाल पद्धतीत ही फीत सेकंदाला २.३४ सेंटिमीटर, म्हणजे ऑडिओ कॅसेटच्या सुमारे निम्म्या वेगाने सरकते. परिणामी उच्च वारंवारतेचे ध्वनी क्षीण होतात आणि खरखर ठळक होते. विद्युतपुरवठ्याची घरघर ५० हर्ट्झ व तिच्या पटींत असल्याने अरुंद गाळणीने ती बव्हंशी काढता येते. खरखरीसाठी मात्र संगणक निःशब्द अंशाचा नमुना घेऊन तो सर्वत्र वजा करतो. ‘स’, ‘श’ आणि महाप्राण व्यंजनांतील श्वास यांची घडण खरखरीसारखीच असते. त्यामुळे वजाबाकी अधिक झाल्यास ‘पाठ’ व ‘पाट’ यांतील भेद पुसट होतो. ठरावीक पातळीखालील ध्वनी तोडल्यास श्रोत्यांचे हुंकारही गळतात. यास्तव मूळ अंकीय प्रत अबाधित ठेवावी, संस्कारित प्रत निराळी करावी व प्रत्येक संस्काराची नोंद करावी. पाठभेदाचा निर्णय मूळ प्रत ऐकूनच घ्यावा. अन्यथा यंत्राने निर्मिलेला भेद परंपरेच्या नावे जमा होईल.