ज्याच्या हाती थापी

१९८९च्या मे महिन्यात लंडनमध्ये, थेम्स नदीच्या दक्षिण काठावरच्या एका बांधकामाच्या जागेवर नटनट्यांनी ठाण मांडले. इयान मॅकेलन, पेगी ॲशक्रॉफ्ट, ज्युडी डेंच अशी नामवंत मंडळी या मोहिमेत होती. आजारी लॉरेन्स ऑलिव्हिए यांनीही पाठिंबा दिला होता. जमिनीखाली ‘रोझ’ नाट्यगृहाचे अवशेष लागले होते. १५८७ साली फिलिप हेन्स्लोने उभारलेले हे नाट्यगृह. मार्लोची आणि शेक्सपिअरची सुरुवातीची नाटके इथे झाली. विकासकाला तिथे कार्यालयांची इमारत हवी होती. बरीच ओढाताण झाली, आराखडा बदलला आणि अवशेष जागीच राखून त्यांच्या वर इमारत उभी राहिली.

या प्रसंगाची आठवण निघाली की नटांची नावे घेतली जातात, विकासकाचे नाव घेतले जाते. ते नाट्यगृह इंचाइंचाने मोकळे करणारे लंडन संग्रहालयाचे पुरातत्त्वज्ञ मात्र ‘उत्खनन पथक’ या दोन शब्दांत संपतात. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हा न्याय या क्षेत्रात जुनाच आहे. पण पुढच्या तीन दशकांत ब्रिटनमधल्या या खोदणाऱ्यांनी एक प्रश्न लावून धरला. उत्खननाचा दर्जा वाढवायचा म्हणता, तर खोदणाऱ्याचा पगार, त्याची नोकरी आणि त्याचा शब्द यांचे काय? तो प्रश्न केवळ त्यांच्यापुरता नाही.

माती एकदाच खोदता येते

प्रयोगशाळेतला प्रयोग फसला तर पुन्हा करता येतो. उत्खननाला ती सोय नाही. वरचा थर काढल्याशिवाय खालचा दिसत नाही आणि काढलेला थर परत घालता येत नाही. समजा, हजार वर्षांपूर्वीच्या घराची जमीन आहे आणि तीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी तिच्यातून खड्डा खणला, तो पुढे बुजला. या खड्ड्याची कड मातीच्या रंगात आणि पोतात थोडासा फरक एवढ्यानेच कळते. खोदणाऱ्याला ती कड दिसली तर ठीक. नाही दिसली, तर खड्ड्यातले नाणे आणि घरातले खापर एकाच पिशवीत जाते आणि घराचे वय सातशे वर्षांनी चुकते. पुढे कार्बन कालमापन कितीही अचूक केले तरी चूक सुधारत नाही, कारण नमुनाच चुकीच्या थरातला असतो.

म्हणजे निर्णय होतो तो थापीच्या टोकाशी. १९७३मध्ये विंचेस्टरच्या उत्खननातल्या नोंदींवर काम करताना एडवर्ड हॅरिस यांनी थरांचा परस्परसंबंध दाखवणारी आकृती तयार केली. ती आज ‘हॅरिस मॅट्रिक्स’ नावाने जगभर वापरली जाते. लंडनमध्ये त्याच सुमारास प्रत्येक थराची, प्रत्येक खड्ड्याची वेगळी नोंदपत्रिका भरण्याची पद्धत रुळली. ही पत्रिका भरतो तो खोदणाराच. नकाशा तोच काढतो, कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा हे तोच लिहितो. त्यामुळे ब्रिटनमधला खोदणारा बहुधा पदवीधर असतो. काम शास्त्रज्ञाचे आणि वागणूक हंगामी मजुराची, हा पेच तिथूनच सुरू झाला.

पैसे कोणाचे, गरज कोणाची?

‘रोझ’च्या वादाची धग ताजी असतानाच, नोव्हेंबर १९९०मध्ये, ब्रिटिश सरकारने इंग्लंडसाठी नियोजनविषयक सोळावे मार्गदर्शक टिपण काढले. त्या क्षेत्रात ते ‘पीपीजी १६’ म्हणून ओळखले जाते. सूत्र सरळ होते. बांधकामाने पुराणे अवशेष धोक्यात येणार असतील तर आधी तपासणी व्हावी. शक्य तिथे अवशेष जागीच राखावेत. ते अशक्य असेल तर विकासकाने स्वतःच्या खर्चाने उत्खनन आणि नोंद करून घ्यावी. त्याआधी काम चाले ते सरकारी अनुदानावर, स्वयंसेवकांच्या हौसेवर आणि ऐंशीच्या दशकात बेरोजगारांसाठीच्या सरकारी योजनांवर. नव्या धोरणाने पैसा आला, कामे वाढली, कंपन्या उभ्या राहिल्या. इंग्लंडच्या इतिहासात पूर्वी कधी झाली नव्हती इतकी खोदाई या काळात झाली.

पण या पैशाला एक खोट होती. विकासकाला ज्ञान नको असते, परवानगी हवी असते. नियोजनाची अट पूर्ण झाल्याचा शेरा मिळाला की त्याचे काम झाले. साहजिकच तो निविदा मागवतो आणि कमी दराच्या कंपनीला काम देतो. स्पर्धेत टिकायला कंपनी खर्च कापते. यंत्रांचे भाडे कापता येत नाही, प्रयोगशाळेचे दर ठरलेले. उरतो तो पगार. चांगल्या उत्खननाला थेट गिऱ्हाईकच नसेल तर दर्जा कोण राखणार? स्थानिक प्रशासनातला पुरातत्त्व अधिकारी राखतो. पण सरकारी काटकसरीत त्याच्याच कार्यालयाला कात्री लागते.

मानदंड एकीकडे, मजुरी दुसरीकडे

इंग्लंडमध्ये संरक्षित स्मारके सोडली तर जमीनमालकाच्या संमतीने उत्खनन करायला परवाना लागत नाही. त्यामुळे दर्जाची जबाबदारी व्यवसायाने स्वतःवर घेतली. १९८२मध्ये क्षेत्रीय पुरातत्त्वज्ञांची संस्था स्थापन झाली. २०१४मध्ये तिला राजसनद मिळाली आणि ती ‘चार्टर्ड इन्स्टिट्यूट फॉर आर्किऑलॉजिस्ट्स’ झाली. ही संस्था आचारसंहिता ठरवते, उत्खननाचे आणि अहवालाचे मानदंड लिहिते, अनुभव तपासून तीन पायऱ्यांचे सभासदत्व देते, कंपन्यांची नोंदणी करते, तक्रारी ऐकते. प्रत्येक पायरीला शिफारस केलेला किमान पगारही जाहीर करते.

मात्र शिफारस म्हणजे करार नव्हे. या संस्थेत खोदणारा सभासद असतो आणि त्याला कामावर ठेवणारा व्यवस्थापकही. दोघांनी मिळून चांगल्या नोंदीचे नियम ठरवणे शक्य आहे. पगारवाढीच्या वाटाघाटीत मात्र दोघे टेबलाच्या दोन बाजूंना बसतात. ते काम संघटनेचे. ब्रिटनमध्ये ते ‘प्रॉस्पेक्ट’ करते. अभियंते, शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ यांची ही कामगार संघटना २००१मध्ये दोन संघटनांच्या विलीनीकरणातून झाली आणि तिच्यात पुरातत्त्वज्ञांची स्वतंत्र शाखा आहे. तिसरीकडे मालक आणि व्यवस्थापकांचा ‘फेम’ हा महासंघ आहे. असा हा त्रिकोण.

संघटनेच्या मागण्या ऐकल्या की त्यांत चमकदार काही वाटत नाही. जागेवर पोहोचण्यासाठीच्या दोन-तीन तासांच्या प्रवासाचा मोबदला. घरापासून लांब काम असेल तर राहण्याचा खर्च. प्यायला पाणी, हात धुवायची सोय, स्वच्छतागृह. खोल चराच्या बाजूंना आधार, कारण एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाच्या आसपास असते आणि ती ढासळताना सूचना देत नाही. सहा आठवड्यांऐवजी वर्षाचा करार. वर्षानुवर्षे गुडघ्यांवर काम केल्यावर पुढे काय, याचे उत्तर. यातली प्रत्येक मागणी दर्जाशी थेट जोडलेली आहे. दर दोन महिन्यांनी कंपनी बदलणाऱ्या माणसाला त्या प्रदेशाची माती ओळखायला वेळच मिळत नाही. अहवाल लिहिला जातो तेव्हा खोदणारा दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो. नोंदपत्रिकेतल्या संदिग्ध ओळीबद्दल विचारायचे कोणाला?

संघटना बांधणे सोपे नव्हते, आजही नाही. १९९९च्या कायद्याने ब्रिटनमध्ये संघटनेला मान्यता मिळवण्याचा कायदेशीर मार्ग खुला केला, पण तो २१ किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. बऱ्याच उत्खनन कंपन्या त्याहून लहान. पथके विखुरलेली, करार तोकडे, सगळे एकमेकांना ओळखतात इतके क्षेत्र छोटे. ‘कटकट करणारा’ असा शिक्का बसला तर पुढचे काम मिळणार नाही, ही भीती. वर मंदीचा तडाखा. २००७-०८च्या पाहणीत ब्रिटनमध्ये ६,८६५ पुरातत्त्वज्ञ काम करत असल्याचा अंदाज होता. बांधकामे थंडावली आणि २०१२-१३मध्ये तो आकडा ४,७९२वर आला. त्याच पाहणीत सरासरी वार्षिक पगार सुमारे २७,८०० पौंड निघाला. देशातल्या पूर्णवेळ नोकरदारांची सरासरी त्याहून जवळजवळ पाच हजार पौंडांनी जास्त होती. आणखी एक आकडा बोलका होता: या व्यवसायातले ९९ टक्के लोक गोरे. कमी पगार आणि अस्थिर नोकरी परवडते ती घरची पुंजी पाठीशी असलेल्यांना. मग इतिहास कोणाचा शोधला जातो, यावरही त्याची छाया पडतेच.

पुढे वारे फिरले. लंडन ते बर्मिंगहॅम या ‘एचएस २’ रेल्वेमार्गासाठी हजारावर पुरातत्त्वज्ञ लागतील असे २०१८मध्ये जाहीर झाले. पुढच्याच वर्षी युस्टन स्थानकाजवळच्या दफनभूमीत ऑस्ट्रेलियाला वळसा घालणारे दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स यांची शवपेटी सापडली, आणि त्याच २०१९मध्ये पुरातत्त्वज्ञांचे नाव सरकारच्या टंचाईग्रस्त व्यवसायांच्या यादीत गेले. माणसे हवी होती, पण पुरेशी मिळत नव्हती. २०२१मध्ये शेफील्ड विद्यापीठाने आपला नावाजलेला पुरातत्त्व विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. टंचाईच्या काळात वाटाघाटीला बळ येते खरे. पण शिकून तयार होणाऱ्यांचा ओघच आटला तर ते बळही फार काळ पुरत नाही.

मेडन कॅसल ते इनामगाव

या गोष्टीचा एक धागा थेट पुण्यापर्यंत येतो. डेक्कन कॉलेजमध्ये महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाचा पाया घालणारे डॉ. हसमुख सांकळिया तीसच्या दशकात लंडनला पीएच.डी. करत होते. तेव्हा त्यांनी डॉर्सेटमधल्या मेडन कॅसल इथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली उत्खननाचे धडे घेतले. हेच व्हीलर १९४४मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले आणि त्यांनी तक्षशिलेला प्रशिक्षणवर्ग भरवला. त्यांची पद्धत म्हणजे चौकोनी खड्डे, मध्ये राखलेले मातीचे बांध, प्रत्येक चौकोनावर एक पर्यवेक्षक. मजूर खोदणार, पर्यवेक्षक पाहणार आणि लिहिणार. ब्रिटनने पुढे चौकोनांची ही जाळी बरीचशी सोडून मोकळ्या क्षेत्राच्या उत्खननाची वाट धरली आणि लेखणी खोदणाऱ्याच्या हातात गेली. भारतात जाळी टिकली आणि तिच्याबरोबर कामाची उतरंडही.

आपल्याकडे १९५८च्या कायद्याप्रमाणे उत्खननाला परवाना लागतो. इंग्लंडपेक्षा ही बाजू भक्कम आहे. पण परवाना संचालकाच्या नावे. खड्ड्यात उतरतात ते आसपासच्या गावांतले शेतमजूर, बऱ्याच ठिकाणी बायका. तमिळनाडूतल्या कीळडीपासून पुणे जिल्ह्यातल्या इनामगावपर्यंत हेच चित्र राहिले. रोजंदारी, एका हंगामापुरती. त्यांच्या डोक्यावर पर्यवेक्षण करणारे संशोधक विद्यार्थीही शिष्यवृत्तीवर दिवस काढणारे. स्मारकांच्या देखभालीवर वर्षानुवर्षे राबणारे रोजंदारी कामगार कायम होण्यासाठी न्यायाधिकरणांचे उंबरे झिजवतात. २००६च्या उमादेवी खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती वाट आणखी अरुंद झाली. व्यासपीठे आहेत. इंडियन आर्किऑलॉजिकल सोसायटी आहे, डेक्कन कॉलेजशी जोडलेली प्रागितिहासाची संस्था आहे. त्या निबंध वाचतात, नियतकालिके चालवतात आणि ते मोलाचेच आहे. पण रोज किती असावा, चराला आधार कोणी द्यावा, अहवालात नाव कोणाचे यावे, हे ठरवणे त्यांचे काम नाही. खोदणाऱ्यांच्या बाजूने ते ठरवणारे व्यासपीठ सहज दिसत नाही.

याची किंमत कशात मोजायची? अमेरिकी पुरातत्त्वज्ञ ॲलिसन मिकेल यांनी जॉर्डनमधल्या पेट्रा आणि तुर्कस्तानातल्या चातालह्युयुक इथल्या स्थानिक कामगारांचा अभ्यास करून २०२१मध्ये पुस्तक लिहिले. त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट मोठी मार्मिक आहे. पिढ्यान् पिढ्या खोदणाऱ्या या लोकांना माती, भिंती, खापरे यांचे सखोल ज्ञान असते. पण ‘आम्हाला काय कळतंय’ असे म्हणण्यातच त्यांचा फायदा असतो, कारण मालकाला साधाभोळा मजूर हवा असतो आणि जाणकारीला जादा पैसे मिळत नाहीत. ज्ञान लपवण्याचा मोबदला मिळतो, सांगण्याचा मिळत नाही. अशा व्यवस्थेत तोटा होतो तो विज्ञानाचा.

आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. १९७४मध्ये श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला एकूण ६० किलोंहून अधिक वजनाची चार ब्राँझशिल्पे सापडली: बैलांचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. शोधणारे होते छबू लक्ष्मण भिल्ल. हे नाव आज अभ्यासकांना ठाऊक आहे, कारण शिल्पे उत्खननात नव्हे, त्यांच्या हातून योगायोगाने सापडली. रीतसर उत्खननात ती मिळाली असती तर ते नाव हजेरीपटातच राहिले असते.

ब्रिटनचा साचा आपल्याकडे जसाच्या तसा बसणार नाही. तिथला पैसा विकासकाचा, इथला सरकारचा. तिथला खोदणारा पदवीधर, इथला गावकरी. पण तिथल्या अनुभवाचा गाभा इथेही लागू आहे. मानदंड लिहिणारी संस्था हवी आणि मजुरीसाठी बोलणारी संघटनाही हवी. पहिलीकडून दुसरीचे काम होत नाही. उद्या महामार्ग आणि मेट्रोच्या खोदकामात विकासकाच्या खर्चाने तपासणी करण्याचा नियम आपल्याकडे आला, तर निविदेतच किमान पगार, सुरक्षिततेची तरतूद आणि प्रशिक्षित माणसांची अट असायला हवी; नाहीतर कमी दराची स्पर्धा इथेही तेच करील.

तोवर एक गोष्ट कायदा न बदलता, जादा पैसा न मागता करता येते. विद्यापीठांनी आणि पुरातत्त्व खात्यांनी यापुढच्या प्रत्येक उत्खनन अहवालात खोदणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाव आणि त्याने कोणत्या खड्ड्यात काम केले हे छापावे. या हंगामापासूनच.