'एकच तज्ज्ञ' ठरवला कोणी?

निविदा न काढता काम देण्यासाठी सरकारी फाईलवर एक हुकमी वाक्य असते : "सदर काम विशेष तज्ज्ञतेचे असून ते करणारी संस्था एकच आहे." बंदरासाठी लाटांचा आणि गाळाचा अभ्यास असो की धरणाच्या भिंतीची तपासणी, हे वाक्य आले की भले भले गप्प बसतात. इंजिनियरिंगमध्ये आपल्याला काय कळते? 'ज्ञान आमच्याकडे आहे, तुम्ही विचारायचे नाही' ही भाषा आपल्या समाजाने शतकानुशतके ऐकली आहे. म्हणून हा विषय आम्ही येथे मांडत आहोत.

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही, धरणे मात्र आहेत. अकोले तालुक्यातील भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. १९६९ मध्ये त्याच्या भिंतीतून मोठी गळती झाली आणि पुढे भिंतीला आधार देऊन ते मजबूत करावे लागले. तेथून निघालेली प्रवरा अकोले, संगमनेर करत नेवाशाच्या हद्दीत गोदावरीला मिळते. या काठावरच्या सखल जागेत कोणाच्या वस्त्या असतात हे आमच्या वाचकांना सांगायला नको!

धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार जुन्या मोठ्या धरणांचे पहिले सर्वंकष सुरक्षा मूल्यमापन पाच वर्षांच्या आत, स्वतंत्र तज्ज्ञांच्या मंडळाकडून व्हायचे आहे. 'स्वतंत्र' हा शब्द कायद्यातला आहे. या मूल्यमापनासाठी चाचण्या, सर्वेक्षणे, अहवाल लागतात आणि त्यांची कामे बाहेर दिली जातात. ती कोणाला मिळतात, कशी मिळतात?

मेरठ नगर निगम विरुद्ध अल फहीम मीट एक्सपोर्ट्स या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी कंत्राट जाहीर लिलावाने किंवा निविदेनेच द्यावे. थेट नेमणूक हा दुर्मीळ अपवाद. तसे न केल्यास संविधानाच्या कलम १४ चा भंग होतो. याच निकालाच्या आधारे केंद्रीय दक्षता आयोगाने ५ जुलै २००७ रोजी परिपत्रक काढले. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील नियम १९४ सल्लागार थेट नेमू देतो. पण पूर्ण कारणे फाईलवर लिहूनच. आणीबाणी, एकाकडेच असलेले कौशल्य, किंवा आधीच्या कामाचा पुढचा भाग, ही त्यातली कारणे. आमच्या मते तिसरे सर्वांत घातक. पहिले छोटे काम निविदेने घ्यायचे आणि पुढची मोठी 'त्याचाच भाग' म्हणून खिशात घालायची, याला ते वाट करून देते.

एकाच संस्थेला काम देणे नेहमीच वाईट असते असे आम्ही म्हणत नाही. १९१६ साली सुरू झालेले, आज खडकवासल्याला असलेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र बंदरांचे आणि धरणांचेही अभ्यास करते. ते जनतेच्या मालकीचे आहे. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कौन्सिलात श्रममंत्री असताना १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग उभा राहिला. नद्यांचे तांत्रिक ज्ञान शासनाच्या स्वतःच्या हाती असावे, हा त्यामागचा विचार होता. सार्वजनिक संस्थेला थेट काम देणे वेगळे आणि खाजगी कंपनीला 'एकमेव' ठरवणे वेगळे.

अजून एक. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून ४ टक्के खरेदीचे लक्ष्य आहे. आपली मुले इंजिनियर झाली, फर्म काढून बसली. पण स्पर्धाच झाली नाही, तर त्यांची पात्रता तपासणार कोण?

जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी जलसंपदा विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज टाकावेत. गेल्या पाच वर्षांत धरणांच्या तपासणीची कोणती कामे निविदेविना दिली? 'एकच संस्था' हा शेरा कोणी, कोणत्या चौकशीनंतर लिहिला? अहवाल कुठे पाहायला मिळेल? उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे. न मिळाल्यास पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करावे.