वगातला पाटील

सकाळी ९ : रात्रीचा तमाशाचा खेळ धुळ्याकडे झाला. पहाटे ट्रकमध्ये पडद्यांच्या गाठोड्यांवर पाठ टेकली आणि अमळनेर तालुक्यात उतरलो. आज इथल्या गावची यात्रा. वैशाखाचं ऊन आत्ताच चटके देतंय.

११ : अमळनेरच्या बाजारात चक्कर. दादर ज्वारीची आवक सुरू आहे. एक अडत्या मूठभर दाणे उचलतो, अंगठ्यानं चोळतो आणि शेतकऱ्याकडे न बघता, रस्त्याकडे नजर लावून भाव सांगतो. शेतकऱ्याची मान आपोआप खाली जाते. वगातल्या माझ्या पाटलाला हेच हवं होतं.

दुपारी १ : कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. मग लिंबाखाली डुलकी.

४ : तालीम. हुजऱ्याचं काम नव्या पोराकडे आहे. वाक्यं चारच, म्हणून तो उभाही कसातरी राहतो. त्याला निळू फुल्यांचं सांगितलं. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, मग ‘कथा अकलेच्या कांद्याची’ हे लोकनाट्य आणि १९६८ साली ‘एक गाव बारा भानगडी’ हा चित्रपट. निळूभाऊ नुसते बघायचे आणि समोरचा दबायचा. “पण दबणारा पक्का लागतो, भो. पाटलाचा धाक तुझ्या मानेत दिसला पाहिजे.”

७ : रंगायला बसलो. आधी गवळणीतली मावशी. लुगडं, कुंकू, गुळगुळीत ओठ. पाटलाच्या मिशा नंतर चिकटवायच्या, तेवढ्यात एक गाणं संपतं. घामानं गोंद सुटतो, म्हणून ओठ दोनदा कोरडा करायचा.

८ : गण, गवळण, मग रंगबाजी. फर्माइशी थांबत नाहीत. दहाला भोंगे बंद करायचे असतात, त्यामुळे रात्रभर चालणारा वग आता तासाभरात उरकावा लागतो.

९ : वग. दाणे चोळले आणि प्रेक्षकांच्या डोक्यावरून लांब बघत भाव सांगितला. हुजऱ्यानं मान टाकली. पुढच्या रांगेतून एक म्हातारा ओरडला, “हाऊ ते आमना गावना शे!”

१० : खेळ संपला. वेळ वाचवायला उद्यापासून हुजऱ्या काढू, असं फडाचे मालक म्हणाले. मी नाही म्हटलं. कात्री लागली की आधी लहान कामं जातात, आणि नेमका त्यांच्याच जिवावर वग उभा असतो. माझं स्वगत कापा म्हटलं, पोराची चार वाक्यं राहू द्या. मालकांनी मानलं. उद्या चारला पुन्हा तालीम.