भिका, धोंडू आणि माल्कम

सुरतेच्या जुन्या कोटाबाहेर, उत्तरेच्या अंगाला वसलेले कतारगाम हे एके काळी कांतारेश्वर महादेवाच्या देवालयासाठी आणि उंधियूत पडणाऱ्या पापडीच्या मळ्यांसाठी ख्यात असलेले खेडे आज हिऱ्यांच्या कारखान्यांचे आणि मागांच्या शेडींचे, श्वास घ्यायला उसंत नसलेले उपनगर होऊन बसले आहे. आणि ज्या तापीच्या पाण्यावर खानदेशातली केळी व कापूस पोसला जातो तीच तापी येथून पुढे समुद्राला मिळत असल्यामुळे, नदीच्या काठाने व गेल्या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या तापी व्हॅली रेल्वेच्या मार्गाने जळगाव-धुळ्याकडचा मराठी माणूस पोटामागे येथे येऊन स्थिरावला, यात नवल नाही. दुसऱ्या बाजूने सौराष्ट्रातला पाटीदार आला. चौघे चौघे एका घंटीभोवती, म्हणजे हिरे घासण्याच्या फिरत्या चकतीभोवती, बसून हिऱ्याला पैलू पाडणारा काठेवाडी कारागीर आणि मागावर रात्रपाळी करणारा खानदेशी कामगार यांची भाषा वेगळी, जेवण वेगळे, सणही पुष्कळ अंशी वेगळे. पण जुन्या पिढीतल्या माणसांची नावे शेजारी शेजारी मांडून पाहिली म्हणजे एक विलक्षण साम्य ध्यानात येते. खानदेशी माणूस भिकाआप्पा, तर काठेवाडी भीखाभाई. इकडे कचरू, तिकडे कचराभाई. इकडे उखाजी, तिकडे उकाभाई. दोन प्रांतांनी एकमेकांना न विचारता आपल्या लाडक्या पुत्रांना भीक, केर आणि उकिरडा यांची नावे द्यावीत, याचे कारण शोधणे हा या लेखाचा हेतू आहे.

ते कारण मायेचे आहे, आणि भयाचेही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हिंदुस्थानात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक मुले वर्षाच्या आत दगावत. देवी, गोवर, धनुर्वात, हगवण, दुष्काळ आणि पुढे प्लेग अशा आपत्तींच्या रांगेत ज्या मातेची दोन-तीन अपत्ये पाठोपाठ गेली असतील तिच्या मनात, आपल्या मुलांवर कुणाची तरी दृष्टी पडते आणि जे सुंदर, जे कौतुकाचे, तेच नेमके उचलून नेले जाते, अशी समजूत घट्ट रुजली तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. मग पुढचे मूल जन्मले की ते कौतुकाचे नाहीच असे साऱ्या जगाला आणि मृत्यूलाही भासवावयाचे, यासाठी आयांनी जे जे केले ते सारे या नावांत साठून राहिले आहे. पाच घरी पदर पसरून मागून आणलेल्या कापडाची कुंची ज्याला घातली तो भिका. चिंध्यांत गुंडाळला तो चिंधू. उकिरड्यावर क्षणभर ठेवून परत उचलला तो उकिर्डा किंवा उखर्डू. शेणाच्या नावाने हाक मारली तो शेनफडू. आणि मुलगी समजून काळाने त्याच्याकडे काणाडोळा करावा म्हणून ज्याचे नाक टोचून नथ घातली तो नथू. सुईणीला किंवा शेजारणीला मूल देऊन टाकावयाचे व सुपभर कोंड्याच्या मोबदल्यात परत विकत घ्यावयाचे, असाही प्रघात होता, आणि कोंडाजी हे नाव त्याच्याशी जोडले जाते. १६७३ साली अवघ्या साठ गड्यांनिशी पन्हाळा सर करणाऱ्या कोंडाजी फर्जंदाचे नाव उच्चारताना कोंड्याची आठवण कुणाला होत नाही; पराक्रमाने नावाचा अर्थ पार झाकून टाकला आहे.

गुजरातेत हीच युक्ती व्यापाऱ्याच्या भाषेत बोलली गेली. अमथा म्हणजे विनाकारण आलेला, मफत म्हणजे फुकट मिळालेला. ज्याला किंमतच नाही त्याला चोरून काळाने काय मिळवावयाचे, असा हा हिशेब! अहमदाबादचे मफतलाल गगलभाई यांनी १९०५ साली गिरणीधंद्यात पाऊल टाकले आणि ते ‘फुकट’ नाव पुढे लक्षावधी रुपयांच्या कापडावर छापले गेले.

आमच्याकडे या कुळातले सर्वांत प्रतिष्ठित नाव धोंडो होय. धोंड्यासारखा टिकावा, हा त्यातला एक भाव. परंतु अधिक मासाला आपण धोंडा महिना म्हणतो आणि त्या महिन्यात जन्मलेल्या मुलालाही धोंडू म्हणण्याची चाल आहे, शिवाय शेंदूर लावलेला धोंडा हा देवही असतो, तेव्हा प्रत्येक धोंडूच्या मागे पाळणा रिकामा झाल्याचे दुःख होतेच असे धरून चालणे बरोबर नाही. १८५८ साली कोकणात जन्मलेले धोंडो केशव कर्वे शंभरी ओलांडून १९६२ पर्यंत जगले, १८९६ साली त्यांनी उभारलेल्या अनाथ बालिकाश्रमाच्या कार्यातून विधवांना शिक्षणाचे दार उघडले, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले आणि १९५८ साली ते भारतरत्न झाले. दगडाच्या टिकाऊपणाचे इतके सार्थ उदाहरण दुसरे आढळणार नाही. दगडूशेठ हलवायांचे नाव तर पुण्याच्या गणपतीला कायमचे चिकटले आहे, आणि ज्यांच्या नावातला दगड असा अभंग राहिला त्यांचाच मुलगा प्लेगने हिरावून नेला, ही गोष्ट वाचताना मन कासावीस होते.

खानदेशच्या संदर्भात मात्र माझे मन ओढ घेते ते असोद्याच्या महाजनांच्या घराकडे. बहिणाबाई चौधरी १८८० साली तेथे जन्मल्या. वडील उखाजी, पती नथूजी. मराठी कवितेला मातीचा खरा आवाज देणाऱ्या या स्त्रीच्या आयुष्यातले दोन मुख्य पुरुष असे उकिरड्याचे व नथीचे नाव धारण करणारे होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या समाजात ही नावे किती घरोघरची, किती अंगवळणी पडलेली होती ते कळते. त्या नावांना ‘जी’ लागला, ‘आप्पा’ लागला, गुजरातेत ‘भाई’ लागला, आणि उकिरड्याचा उल्लेख आदराच्या उच्चारात विरघळून गेला. हा ‘जी’ किंवा ‘भाई’ मला फार मोलाचा वाटतो, कारण मूल वाचले, मोठे झाले, घरदार करून बसले याची ती समाजाने दिलेली पावती आहे.

ही रीत केवळ आपल्या मुलखाची नव्हे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः ॲरन बेटांत आणि कॉनेमारात, मुलग्यांना दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत मुलींसारखे घागरे नेसवीत, कारण टेकड्यांखाली राहणारी अदृश्य योनीतली मंडळी मुलगे पळवून नेतात अशी तेथील लोकांची श्रद्धा होती. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या छायाचित्रांत असे घागरेवाले मुलगे आजही पाहावयास मिळतात. आमच्या नथूचे हे सख्खे भाऊ. आयरिश नावांत आणखी एक प्रकार आहे, ज्याचे आमच्या फकिराशी जवळचे नाते लागते. मूल जगावे म्हणून पीराला नवस बोलावयाचा आणि मोहरमात त्याला फकीर करावयाचे, म्हणजे मूल आपले नाही, पीराचे आहे, असे जाहीर करावयाचे, ही आपली पद्धत. आयर्लंडात ख्रिस्ती संतांच्या नावामागे ‘माल’ हा शब्द जोडीत; त्याचा मूळ अर्थ मुंडित, म्हणजे डोके भादरून संताच्या सेवेला वाहिलेला. डोनेगल परगण्यात ५२१ च्या सुमारास जन्मलेला आणि ५९७ साली आयोना बेटावर निवर्तलेला कोलंबा हा आयर्लंडच्या तीन मुख्य संतांपैकी एक. त्याच्या सेवकाला म्हणावयाचे माल कोलम, आणि हेच नाव समुद्र ओलांडून स्कॉटलंडात गेले तेव्हा त्याचे माल्कम झाले. नवसाने मिळालेल्या मुलालाच ते नाव देत असे नव्हे, पण मूल दुसऱ्याच्या हवाली केल्याचे सांगून त्याचे रक्षण मागणे ही भावना दोहींकडे एकच आहे.

आणि हा माल्कम महाराष्ट्राला परका नाही. सर जॉन माल्कम या स्कॉट सेनानीपुढेच दुसऱ्या बाजीरावाने १८१८ च्या जूनमध्ये शरणागती पत्करली. तोच माल्कम १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर होता, आणि महाबळेश्वरच्या पेठेला माल्कमपेठ हे नाव त्याच्यावरून पडले. बाजीरावाने ब्रह्मावर्ती जाऊन १८२७ साली जो मुलगा दत्तक घेतला त्याचे नाव धोंडोपंत, म्हणजे पुढे १८५७ च्या उठावात गाजलेले नानासाहेब पेशवे. एका बाजूला कोलंबाचा मुंडित सेवक, दुसऱ्या बाजूला धोंडा, आणि मध्ये एक राज्य बुडालेले. इतिहासाच्या दप्तरात ही दोन नावे अशी जवळ जवळ नोंदली गेली आहेत.

भिका-कचरूसारख्या या नावांचा ओघ आटला तो उपदेशाने नव्हे, लसीने. देवीचा शेवटचा रोगी भारतात १९७५ साली नोंदला गेला आणि दोन वर्षांनी देश देवीमुक्त जाहीर झाला. प्रसूतिगृहे आली, क्षारसंजीवनी आली, आणि पहिल्या वर्षात दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण हजारी तीसच्याही खाली उतरले. १९९४ च्या सप्टेंबरात तापीच्या पुरानंतर कतारगामजवळच्या वेड रोड भागात प्लेगची बातमी पसरली आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाली. त्या दिवसांत जुने भय क्षणभर जागे झाले असेल, पण लोकांनी रांगा लावल्या त्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांसाठी, मुलांची नाके टोचण्यासाठी नव्हे.

आज शाळेच्या पटावर भिका नाही, शेनफडू नाही. नव्या पिढीला वडिलांचे किंवा आजोबांचे नाव चारचौघांत उच्चारताना संकोच होतो, आणि कुणी कुणी राजपत्रात जाहिरात देऊन भिकाचे विकास व कचरूचे किशोर करून घेतो. ज्याने त्याने आपल्या नावाचे काय करावे हा ज्याचा त्याचा हक्क. तरीही मला मनापासून असे वाटते की ज्या आईने पाच दारी पदर पसरला तिची हकिकत मुलांना सांगितल्याशिवाय ते नाव पुसून टाकू नये. सुदैवाने आपल्याकडे मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लावण्याची रीत असल्यामुळे ते एक पिढी तरी मध्ये तग धरते. शिवाय गावाकडची जमीन आहेच. सुरतेत नाव बदलले तरी अमळनेर-चोपड्याकडच्या सातबाऱ्यावर भिका वल्द उखा हीच नोंद असते, आणि वारसाचा फेरफार घालण्यासाठी तलाठ्याच्या कचेरीत गेलेल्या नातवाला, विकास म्हणजेच भिका असे प्रतिज्ञापत्रावर लिहून देऊन, ते नाव एकदा तरी स्वतःच्या हाताने पूर्ण लिहावे लागते.